पदर, फटफटी आणि सायगाव

सायगावात काय काय पाहिलं, असं कुणी विचारलं की मी सांगते, माणसांच्या पाठी पाहिल्या. विचारणाऱ्याला वाटतं बाई थट्टा करतेय. थट्टा नाही हो. देवळं पाहिली, नदी पाहिली, फुलांचा बाजारही पाहिला, पण पोटभर पाहिल्या त्या पाठीच. का, ते पुढं येईलच.

नव्वदच्या दशकाच्या मधली गोष्ट. आमचे हे जळगावच्या एका ठिबक सिंचनाच्या कंपनीत होते. सायगावजवळच्या फळबागांमध्ये नळ्या टाकून द्यायचं काम कंपनीला मिळालं आणि यांना पाच-सहा महिन्यांसाठी तिकडं धाडायचं ठरलं. चाळीसगावच्या बाजूला एक सायगाव आहे. आमच्या आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, आधी तेच वाटलं. "मंग तठे इमानवर कसाले जानं पडस?" असं त्यांनी दोनदा विचारलं. देश वेगळा, समुद्रापलीकडचा, हे कळल्यावर ते म्हणाले, "वहूले बी ली जाय. पोऱ्या उपाशी मरी जाई तठे." अशी मी विमानात बसले, स्वयंपाकीण म्हणून.

पण माझ्या डोक्यात वेगळंच होतं. माझं माहेर रावेरचं, सासर एरंडोल तालुक्यात, पद्मालयाच्या रस्त्यावरच्या एका गावात. अंगणवाड्यांची मुख्यसेविका म्हणून माझी निवड झाली होती आणि पावसाळ्याच्या तोंडावर रुजू व्हायचं होतं. मुख्यसेविकेचं काम म्हणजे दिवसभर गावोगाव फिरायचं. आमच्या भागात एसटी सकाळी एक, संध्याकाळी एक, तीही आली तर आली. स्वतःची गाडी चालवता आली तर नोकरी, नाहीतर घरी बसा, इतका सरळ हिशेब होता. मी हे घरात बोलले तेव्हा आबा माझ्याकडं न बघता अक्कांना, माझ्या सासूबाईंना, म्हणाले, "बाई मानूस फटफटी चालाडी राहिनं, आसं आपला गावमा कोनी देखं शे का? नौकरी करनी व्हई ते यष्टीवर जाय म्हना. नही ते घर बस म्हना."

त्यांच्या दृष्टीनं प्रश्न फटफटीचा नव्हताच, पाराचा होता. आमच्या गावाबाहेर पडायला एकच रस्ता, आणि तो मारुतीच्या पारावरून जातो. पारावर आबा आणि त्यांच्या वयाचे बाकीचे म्हातारे सकाळपासून ठाण मांडून. सुनेनं तिथून जायचं तर डोक्यावर पदर घ्यायचा, बैलगाडीत बसलेली असली तर उतरायचं, आणि खाली बघत पायी पुढं व्हायचं. मग फटफटीवरची सून तिथून जाणार कशी? आमच्या ह्यांनी मात्र मला हळूच सांगितलं, "तिकडं शीक. तिकडं तुला कोण ओळखतंय?"

बाजारामागची गल्ली

आम्ही राहायचो ते घर एका मोठ्या बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. खाली मालकीणबाईंची खानावळ, वर आमची खोली. मालकीणबाईंना सगळे को हाय म्हणत. 'को' म्हणजे आपल्या मावशी-आत्यासारखं, आणि 'हाय' म्हणजे दोन. ही बाई तर आईबापांची थोरली, मग दोन नंबर कशी? तर तिकडं दक्षिणेत थोरल्या लेकराला एक नंबर म्हणतच नाहीत, कुणाची दृष्ट लागू नये म्हणून. यांच्या ऑफिसातल्या दुभाष्यानं हे सांगितलं आणि मला हसूच आलं. आमच्याकडं जगावं म्हणून पोराचं नाव दगडू ठेवतात, त्यातलाच हा प्रकार. नुसत्या नावानं हाक मारायची तिथंही रीत नाही, ताई, दादा, काका, आजी असं नातं आधी लावायचं. त्या दिवसापासून मला परकं वाटायचं निम्मं कमी झालं.

राहिलेलं निम्मं खाण्यामुळं होतं. आम्ही माळकरी घरातले, आणि तिथं वरणाला फोडणी द्यावी तसा माशाचा रस प्रत्येक पदार्थात. पण पौर्णिमा-अमावास्येला तिथलेही पुष्कळ लोक मांस-मासे सोडतात, त्या दिवशी को हायच्या खानावळीत सगळं आमच्यासारखं. केळफूल बारीक चिरून, शेंगदाणे घालून कच्चंच खातात. आमच्या रावेरला केळफुलं बांधावर पडून सुकतात, गुरंही तोंड लावत नाहीत, आणि इथं त्याची कोशिंबीर ताटात मानानं वाढतात! एकदा को हायनं निखाऱ्यावर अख्खी वांगी भाजली. सालं काढली आणि वर गरम तेलात परतलेली कांद्याची पात घातली. मी बघतच राहिले. अगं बाई, हे तर आमचं भरीत! मी वर पळत जाऊन जळगावहून आणलेलं कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ आणलं, तिच्या चुलीवर भाकरी थापली. ती माझ्या हातांकडं आणि मी तिच्या वांग्यांकडं बघत होते. भाकरीचा तुकडा मोडून भरीत खाताना मला इतकी घरची आठवण आली की रडू फुटलं. को हायला वाटलं तिखट लागलं. तिनं मला पाण्याचा पेला दिला.

शाळेमागचं मैदान

कंपनीनं यांना एक जुनी होंडा दिली होती. आपल्या एम-एटीसारखी, मधून पाय टाकून बसायची. क्लच नाही, गिअर पायानं. यांनी मला शिकवायला घेतलं आणि पहिल्याच संध्याकाळी आमचं भांडण झालं. नवऱ्याकडून बायकोनं गाडी शिकू नये, हे मी अनुभवानं सांगते. "ब्रेक! ब्रेक म्हणतोय ना!" असं ते मागून ओरडायचे आणि मी घाबरून हँडलचा पीळ आणखी वाढवायची. एकदा मैदानाच्या कडेच्या चिखलात दोघंही बसलो. को हाय भाजी आणायला चालली होती, तिनं ते पाहिलं, यांना हातानं बाजूला केलं आणि स्वतः माझ्यामागं बसली.

तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला येत नव्हती. दोन शब्दांवर आमची शाळा चालली. 'तऽ तऽ' म्हणजे सावकाश, 'दी दी' म्हणजे चल पुढं. मी घाबरले की ती माझ्या पाठीवर थोपटायची, आणि आडमुठेपणा केला की तिथंच चिमटा. साडी मात्र तिनं पहिल्याच दिवशी बंद केली. तिथल्या बायका घरात घालतात तसला फुलाफुलांचा सैल पायजमा आणि झंपर तिनं मला दिला. तो घालून आरशात बघितलं तेव्हा मला पहिला विचार आला, आबांनी पाहिलं तर काय होईल?

मैदानात जमायला लागल्यावर तिनं मला रस्त्यावर काढलं. काय तो रस्ता! जळगावला आठवडेबाजाराच्या दिवशी होते तेवढी गर्दी तिथं रोज, आणि सगळी चाकांवर. एकेका होंडावर अख्खं कुटुंब. कुणाच्या मागं टोपल्यातली डुकरं, कुणाच्या मागं भलंमोठं कपाट, कुणी आरसा धरून बसलेलं. शाळेच्या मुली लांब पांढऱ्या अंगरख्यात सायकलवर, मागचा सोगा चाकात जाऊ नये म्हणून हँडलाशी धरून. आणि सगळं उजव्या बाजूनं! माझा जीव डाव्या बाजूला ओढायचा आणि को हायचा चिमटा उजव्या बाजूला.

त्या गर्दीत कुणी थांबत नव्हतं, कुणी धडकतही नव्हतं. को हायनं मला त्यातलं मर्म दोन बोटांनी समजावलं. आधी स्वतःच्या डोळ्यांकडं बोट, मग पुढच्या माणसाच्या पाठीकडं. तोंडाकडं नाही, तोंडाकडं अजिबात बघायचं नाही. पुढच्याची पाठ धरायची, ती वळली की वळायचं, ती मंदावली की मंदावायचं. मागचा तुझी पाठ बघतोय, त्याची काळजी त्याला. मी ते शिकले. घामानं भिजलेल्या, ठिगळं लावलेल्या, लेकरू बांधलेल्या, कितीतरी पाठी माझ्या ओळखीच्या झाल्या.

आपटले ती सकाळ

आणि एवढं सगळं येत असताना मी पडले. तेही कशानं, तर पदरानं. पदर अंगावर नसताना!

सकाळी आम्ही वांगी घेऊन परत येत होतो. मी पुढं, को हाय पिशव्या सांभाळत मागं. समोरून एक तीन चाकी सायकलरिक्षा आली. तिच्यात एक म्हातारा बसलेला, पांढरे कपडे, पांढरी टोपी, दोन्ही हात काठीवर, हनुवटी वर. आबाच! पाहू नये ते तोंड मी पाहिलं. डोक्याला सगळं माहीत होतं, की आबा हजारो कोस लांब पारावर बसलेत. हाताला कुठं माहीत होतं? उजवा हात हँडल सोडून थेट डोक्यावर गेला, पदर घ्यायला. पदर नव्हता, पीळ सुटला, ब्रेकही त्याच हाताचा. गाडी कलली आणि केळीचे घड लादलेल्या एका सायकलवर जाऊन आदळली.

मी रस्त्यात बसलेले, गुडघा फुटलेला, भोवती केळीच केळी. आणि खरं सांगते, तशातही माझ्या मनात आलं, काय कोवळे घड कापलेत मेल्यांनी, केळ्याची धार तरी भरून गोल होऊ द्यायची होती. रावेरची माती अशी सुटत नाही. भोवतालची वाहतूक क्षणभरही थांबली नाही, आमच्या दोन्ही बाजूंनी वाहत राहिली. कुणीतरी गाडी उचलली, कुणीतरी माझी चप्पल आणून दिली. केळीवाली बाई भांडायला उठली, को हायनं तिची समजूत काढली आणि सगळी केळी आम्हीच घेतली. पुढं आठवडाभर आमच्याकडं कच्च्या केळीची भाजी होती.

घरी आल्यावर को हायनं गुडघा धुतला आणि स्वतःच्या डोक्यावर हात नेऊन भुवया उडवल्या. हे काय होतं? मी उठून ओढणीचा पदर करून दाखवला, काठी धरून हनुवटी वर करून आबा दाखवले, मग खाली बघत लंगडत चालून दाखवलं. तिला उमगलं. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग हसू थांबलं, ती उठली, पाठ वाकवून दोन्ही हातांत चहाचा पेला धरल्यासारखं करत खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मान खाली घालून चालत गेली. तिलाही सासू होती तर!

आमचे हे मात्र चिडले. "झाली ना हौस? आता पुरे. हात-पाय मोडून घरी नेलं तर आबांना काय सांगू?" मीही हट्ट केला नाही. खरंच भ्याले होते. गुडघ्यापेक्षा हाताला भ्याले होते. जो हात माझं ऐकत नाही, त्याच्या भरवशावर गाडी कशी चालवायची, आणि नोकरी कशी करायची? महिने सरत होते, आणि नोकरी दिवसेंदिवस लांब जाताना दिसत होती.

तेतचे दिवस

तेत म्हणजे त्यांचं नवं वर्ष. आपल्या दिवाळीसारखं, सगळे आपापल्या गावी जातात. दारोदार पिवळ्या फुलांच्या फांद्या, आणि सायगावचे रस्ते एकदम मोकळे. को हायचं गाव हेच, ती कुठं जाणार? सणाच्या सकाळी ती दारात उभी राहिली. हातात शेंडीदार, वाळक्या पानांची टोपी, शेतातल्या बायका घालतात तसली, हनुवटीखाली बांधायच्या फितीसकट. तिनं ती माझ्या डोक्यावर घट्ट बांधली, वरून दोन टपल्या मारल्या आणि गाडीकडं बोट केलं. "दी!"

डोकं आधीच झाकलेलं होतं. हाताला आता काही काम उरलं नव्हतं. इतकी साधी युक्ती, पण ती त्या बाईला सुचली, मला नाही. मोकळ्या रस्त्यांवरून आम्ही नदीपर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. सण संपला, गर्दी परतली, तोवर माझी भीतीही गेली होती. पुढं एकदा बेन थान बाजाराचा मोठा चौक मी एकटीनं पार केला. सगळ्या बाजूंनी गाड्या येत होत्या आणि मी कुणाच्याही तोंडाकडं न बघता, एका निळ्या सदऱ्याच्या पाठीमागून सावकाश बाहेर पडले. पलीकडं गेल्यावर गाडी बाजूला घेतली आणि मोठ्यानं हसले. आयुष्यात एवढा आनंद मला क्वचितच झाला असेल. निघताना को हायनं ती टोपी मला दिली. मी तिला माझी इरकली साडी दिली. ती नेसणार नव्हती, ठाऊक होतं.

पारावरून

परत आलो तेव्हा गावात वैशाख तापला होता. परसात अक्का तुरीच्या वाळक्या तुरकाट्यांवर वांगी भाजत होत्या. मी त्यांना सायगावच्या गमती सांगितल्या. केळफुलाच्या सांगितल्या, को हायच्या सांगितल्या, आणि शेवटी पडल्याचीही, पदरासकट. अक्का पदर तोंडाला लावून हसल्या. आबा पलीकडं ओट्यावर बाजेवर पडले होते, डोळे मिटून.

यांनी जळगावहून एक जुनी एम-एटी आणली. आबा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. रुजू व्हायचा दिवस आला. ती सायगावची टोपी काही गावात घालता येत नव्हती, म्हणून पदर पिनांनी केसांना टोचला. वाऱ्यानं तो पाच पावलांत उडाला. पार दिसताच मी उतरले, पदर घेतला आणि गाडी ढकलत, खाली बघत पुढं गेले. पार संपल्यावर किका मारल्या. गाडी सुरू होईना. मागं म्हातारे, साडीचा घोळ पायात, उन्हाचा चटका, आणि मी आपली किका मारतेय. लाजेनं मेले. रोज असं चाललं तर ही नोकरी पंधरा दिवसही टिकणार नाही, हे मला तिथंच कळलं.

दुसऱ्या दिवशी पाराजवळ आले आणि पीळ कमी केला. आबा रस्त्याकडं पाठ करून बसले होते. एकटे आबाच नाहीत, बठ्ठा पार! रोज रस्त्याकडं तोंड करून बसणारे सगळे म्हातारे, मारुतीकडं तोंड आणि माझ्याकडं पाठ करून, ओळीनं. टोप्या, उपरणी, वाकलेली पाठीची हाडं. मला वाटलं, वाळीत टाकलं मला. सुनेचं तोंडही बघायचं नाही, असं ठरवलं यांनी. मी उतरले, गाडी ढकलली, आणि दिवसभर गावोगावच्या अंगणवाड्यांत लेकरांसमोर डोळे पुसत फिरले.

संध्याकाळी अक्कांपाशी बसले आणि सांगून टाकलं, की अक्का, उद्या राजीनामा देते. आबांचा एवढा राग असेल तर मला नको ही नोकरी.

अक्का माझ्याकडं बघतच राहिल्या. "राग कसाना वं येडी? तू पडनी ती गोट त्यास्नी आयकी व्हती ना. म्हने, पोर माले देखी, हात डोकावर जाई, आन पडी जाई. आपुनच पाठ करी लेऊत. देखंच नही ते पदर कसाना आन उतरनं कसानं? बठ्ठा म्हतारास्ले सांगी ठेवं शे त्यास्नी. आन तू गाडी ढकलत गई म्हने आज! दिनभर तेच बोली राहिनात."

म्हणजे बाजेवर डोळे मिटून पडलेल्या आबांनी सगळं ऐकलं होतं, आणि मी पडू नये म्हणून पार पाठमोरा बसवला होता. चुलीपुढं बसून पोटभर रडले, भाकरी करपली तरी.

तिसऱ्या दिवशी पाराअलीकडच्या विहिरीपाशी मी एकदा हॉर्न दिला. आबांनी काठी आपटली, म्हातारे कुरकुरत, एकमेकांना धरत मारुतीकडं वळले. मी गाडीवरून उतरले नाही. हात हँडलवर घट्ट धरले आणि त्या पाठींमागून सावकाश गेले. पार ओलांडताना आबांचा आवाज आला, मान न वळवता, मारुतीला सांगितल्यासारखा, "हळू जाय वं, पोरी."

को हायचं 'तऽ तऽ' मला आठवलं.

असं वर्षानुवर्षं चाललं. हॉर्न दिला की पार वळायचा. पुढं ओळीतली एकेक पाठ कमी होत गेली. एका हिवाळ्यात आबाही गेले. आता गावातल्या सुना स्कूटीवर भुर्रकन जातात, पदराचं कुणी नावही घेत नाही, आणि बरंच झालं. पारावर पोरं बसतात, मोबाइल बघत, रस्त्याकडं तोंड करून.

मी निवृत्त झाले. तरी कधी गाडी काढली, विहिरीपाशी आले, की माझा अंगठा हॉर्नवर जातो. पोरं दचकून वर बघतात, म्हणतात, काकू, रस्ता तर मोकळा आहे. मी म्हणते, हो रे बाबा, मोकळाच आहे, आणि त्यांच्या तोंडांकडं न बघता, सावकाश पुढं जाते.